टांकसाळीतली चूक की नंतरची मोडतोड?

‘दुर्मिळ एरर’ म्हणून विकायला येणारी बरीच नाणी मुळात बाहेर मार खाल्लेली असतात. पारखताना एकच प्रश्न धरून ठेवावा: धातू बिघडला तो ठसा उमटताना, की उमटल्यावर?

काठ तुटलेला रुपया घ्या. पत्र्यातून चकत्या कापताना पंच, म्हणजे कापणारा साचा, आधीच्या भोकावर चढला, तर चकती चंद्रकोरीसारखी खाल्ली जाते. ती ठशाखाली गेली की कापाजवळची अक्षरं ओढल्यासारखी, निमुळती होतात आणि बरोबर समोरची कड दबकी, पुसट राहते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तो दरवेळी दिसेलच असं नाही, पण दिसला तर पुरावा भक्कम. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षर सरळ छाटलं जातं, समोरची कड ठणठणीत असते आणि कापावर ओरखडे. वजनकाटा इथे निकाल देत नाही. 1992 मध्ये आलेला स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅमचा, 2011 मध्ये आलेला 3.79 ग्रॅमचा, पण दोन्ही प्रकारांत तो कमीच भरणार.

ब्रोकेज नावाच्या चुकीत फसवणूक जास्त. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचं उलटं, खोलगट चित्र उमटतं. म्हणजे एका बाजूला उठावदार अशोकस्तंभ, दुसऱ्या बाजूला तोच आरशातला, आत गेलेला. शिकंज्यात दोन नाणी दाबूनही उलटी अक्षरं येतात, पण त्यांच्याखाली मूळ चित्राचे अवशेष उरतात आणि मागची बाजू चेपते.

जळकी, काळवंडलेली नाणी तर सोडूनच द्या. विक्रेता एकाच बाजूचा फोटो देत असेल तर मी पैसे देत नाही.