गाव नकाशा की जुनी टोपोशीट? पांझरेकाठच्या गावासाठी

धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या गावातले फड (बंधाऱ्याच्या पाण्यावर सामाईक भिजणारे शेतपट्टे), पाट, शीव यांचा इतिहास हवा असेल तर आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या. त्याचं मोजमाप साखळीचं: एक साखळी ३३ फूट, म्हणून ३३ × ३३ फूट म्हणजे १ गुंठा. सर्व्हे नंबर, ओढे, शिवेचे दगड त्यात सापडतात. गावठाणातली घरं मात्र बहुधा नाहीत. घोळ होतो तो जमिनींच्या एकत्रीकरणात (विखुरलेले तुकडे जोडण्याच्या योजनेत). सर्व्हे नंबर जाऊन गट आले, त्यामुळे आजचा सातबारा थेट जुन्या नकाशावर लावू नका. आधी जुन्या-नव्या नंबरांचा जुळवणी तक्ता मागा.

टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा भूभागाचा नकाशा (१ इंच = १ मैल), शेत दाखवत नाही, पण गाडीवाटा, घाट, उजाड गावं दाखवते. उकाई धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या नवापूरकडच्या गावांसाठी तीच आधी. १९०६ पूर्वीच्या शीटवर पूर्व-पश्चिम खानदेश शोधू नका. तेव्हा जिल्हा एकच होता.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशे हाताळायचं मोफत सॉफ्टवेअर) स्कॅन केलेला नकाशा जागेवर बसवताना किमान चार खुणा घ्या, शक्यतो चार कोपऱ्यांकडच्या: तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनं देऊळ, बांधीव विहीर. नदीचा काठ नको, तो सरकतो. टोपोशीटला एव्हरेस्ट डेटम (जुन्या भारतीय नकाशांच्या अक्षांश-रेखांशांचा आधार) द्यायला विसरलात तर सगळंच बाजूला सरकून बसेल.