पर्याय की गाळलेले शब्द? 'श्यामची आई'वरून मुलांचं वाचन तपासताना

तिसरी ते सहावीच्या मुलांना गोष्ट वाचायला दिली आणि ती कितपत समजली, शब्द किती कळले हे बघायचं असेल, तर हाताशी दोन सोपे मार्ग आहेत. गोष्टीखाली चार-चार पर्यायांचे प्रश्न द्यायचे, नाहीतर गोष्टीतलेच काही शब्द गाळून तोच उतारा मुलांना भरायला द्यायचा. सोलापूरच्या पूर्व भागात रविवारी आमचा छोटा वाचनवर्ग असतो. तिथे मी दोन्ही प्रकार वापरले, आणि दोन्ही वेळा पुस्तक 'श्यामची आई'च घेतलं.

पुस्तकाबद्दल थोडक्यात. यात 42 रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत आणि बहुतेक रात्र स्वतंत्र गोष्टीसारखी वाचता येते, त्यामुळे एका बैठकीत एक संपते. साने गुरुजी 1950 साली गेले. लेखकाच्या निधनानंतरची 60 वर्षं उलटल्यामुळे मजकूर आता सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे उतारा टाइप करून झेरॉक्स वाटायला हरकत नाही. फक्त आवृत्ती बघून घ्या. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'फुलें', 'केलें' असे अनुस्वार असतात आणि लहान मुलं तिथेच अडखळतात.

पर्यायांच्या प्रश्नांचे फायदे खरे आहेत. तपासायला वेळ लागत नाही. ज्याला वाचून समजतं पण लिहिता येत नाही, त्या मुलावर अन्याय होत नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेतही असेच प्रश्न येतात, तेव्हा सराव होतो. मूल त्या परीक्षेला बसणार असेल आणि दिवस थोडे उरले असतील, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पर्यायच घ्या.

माझं मन मात्र एका गोष्टीमुळे त्यांच्यावरून उडालं. 'थोर अश्रू' ही रात्र घ्या. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो आणि त्यावर पाय ठेवून जातो. आई त्याला सांगते की पायांना जपतोस तसं मनालाही जप. यावर प्रश्न काढला, 'आईने श्यामला काय सांगितले?' पर्याय असे: मन स्वच्छ ठेव, खूप अभ्यास कर, बाहेर खेळू नकोस, लवकर झोप. उत्तर द्यायला गोष्ट वाचावीच लागत नाही. पुस्तकाचं नाव माहीत असलं, आई कशी आहे हे ऐकून माहीत असलं की पुरतं. म्हणून एका रविवारी मी गोष्ट न देता नुसते प्रश्न वाटले. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर चारातलं एक बरोबर येतं. आमच्या मुलांनी त्याहून कितीतरी जास्त बरोबर आणले. विचारल्यावर एकाने सांगितलं, "सर, सगळ्यात चांगलं वागणारं उत्तर असतं त्याच्यावर टिक करायची." मुलगा हुशार आहे आणि त्याचं चुकलेलंही नाही. पण त्याने वाचलं की नाही, हे मला कळलं नाही, आणि मला तर तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

अपरिचित गोष्टीवर हा त्रास कमी होईल, हे मान्य. चांगले, फसवे पर्याय काढता येतात, हेही मान्य. पण ते काढणं कठीण काम आहे. त्यात मराठीत क्रियापदच उत्तर फोडतं. 'श्यामने ___ तोडल्या' असं लिहिलं की फुले आणि पाने आपोआप बाद, उरतात कळ्या.

गाळलेल्या शब्दांची पद्धत गाइडमधल्या 'रिकाम्या जागा भरा'पेक्षा वेगळी आहे. विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने ती 1953 साली मांडली, तीही मूळात मजकूर किती सोपा किंवा अवघड आहे हे मोजायला. सलग उतारा घ्यायचा, पहिलं आणि शेवटचं वाक्य अखंड ठेवायचं आणि मधला बहुधा दर पाचवा शब्द काढायचा. मराठीत पाचवा फार जवळ पडतो. इंग्रजीत जे दोन-तीन शब्दांत येतं ते आपण 'झाडाखाली' असं एकाच शब्दात म्हणतो, म्हणून एक शब्द गेला की बरंच काही जातं. मी आठवा किंवा नववा काढतो. त्यामुळे किती टक्के शब्द बरोबर भरले यावरून वाचनाची पातळी ठरवणाऱ्या इंग्रजीतल्या पायऱ्या इथे लावू नयेत असं मला वाटतं. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या उताऱ्याशी करावी.

या पद्धतीत काय दिसतं ते 'मुकी फुले'वरून सांगतो. इतरांच्या आधी मिळाव्यात म्हणून श्याम झाडावरच्या न उमललेल्या कळ्या काढून आणतो, आणि आई त्याला समजावते. मी मजकूर सोपा करून एक वाक्य ठेवलं होतं: 'श्याम कळ्या ___ आणायचा.' मुलांनी तोडून, खुडून, काढून असं लिहिलं, सगळं बरोबर. दोघा-तिघांनी वेचून लिहिलं. वेचायचं ते खाली पडलेलं. कळ्या जमिनीवरच पडल्या होत्या असं वाटत असेल तर आई का बोलली, हे त्या मुलांपर्यंत पोचलंच नव्हतं. एका शब्दात शब्दसंग्रह आणि आकलन दोन्ही दिसलं. पर्यायांच्या प्रश्नात याच मुलांनी 'कळ्यांना झाडावर उमलू द्यावे' यावर बिनचूक खूण केली असती.

खोट या पद्धतीतही आहे आणि आपल्या शहरात ती जास्त जाणवते. आमच्याकडे निम्म्या घरांत तेलुगू, काहींत कन्नड किंवा उर्दू बोलतात. तेलुगू-कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, तर मराठीत 'श्यामने कळी तोडली' म्हणताना ते कर्मामागे जातं. गोष्ट पूर्ण समजलेली मुलगी 'कळी तोडला' लिहून जाते. तिला शून्य देणं मला पटत नाही. अर्थ जुळला की गुण द्यायचा आणि लिंग-वचनाची चूक वहीत वेगळी टिपायची, असं मी करतो. तपासायला वेळ लागतो, आणि वर्गात चाळीस मुलं असतील तर हे जमेलच असं नाही.

दुसरी काळजी कोकणची, कारण पुस्तक तिथलं आहे. माड, पडवी, खाडी हे शब्द आमच्या मुलांनी रोज ऐकलेले नसतात. तोच शब्द गाळला तर आपण वाचन तपासत नाही, मूल कुठे वाढलं ते तपासतो. असा शब्द नवव्या जागी आला तर मी पुढचा काढतो.

मुलाने गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगणं दोन्हींपेक्षा सरस, पण त्याला एकेका मुलाजवळ बसावं लागतं. पाच-सात मुलं असतील तर अवश्य करा. त्याहून जास्त असतील आणि रविवारचा तासभरच हाती असेल, तर मी गाळलेला उताराच देईन. सुरुवात 'मुकी फुले'पासून करा, उताऱ्यात पंधराच्या आसपास जागा पुरतात. आणि तपासताना चुकलेले शब्द खोडू नका, शेजारी मुलाकडूनच कारण लिहून घ्या.