काचेचे गॅरेज-दार, पत्र्याचे शटर की पीयूचे पॅनेल: खानदेशी उन्हात ऊर्जा संहितेचा हिशेब

जळगाव परिसरात बांधकामांवर देखरेख करताना एक प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो. गाडीच्या खोलीला नेहमीचे रोलिंग शटर लावावे, पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, फोम भरलेल्या पॅनेलचे वर सरकणारे सेक्शनल दार लावावे, की ॲल्युमिनियमच्या चौकटीतले पूर्ण काचेचे दार लावावे? विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक जण बंगला बांधत असतो आणि त्याला गाडीच्या खोलीचाच पुढे व्यायामशाळा किंवा बैठक म्हणून वापर करायचा असतो. दुसरा महामार्गालगत शोरूम किंवा उपाहारगृह उभारत असतो आणि संध्याकाळी दर्शनी बाजू वर उचलून मोकळी करावी, असे त्याच्या मनात असते. दोघांनाही काच आवडलेली असते, आणि दोघांनाही कोणीतरी ‘हे कोडमध्ये बसत नाही’ असे सांगून ठेवलेले असते. हे सांगणे कधी खरे असते, तर कधी निव्वळ ऐकीव असते. म्हणून आधी कोणाला कोणती संहिता लागू होते ते पाहू.

व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००७ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी आणि त्यावरच्या इमारतींसाठी ती आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीने ही मर्यादा आणखी खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली आहे, त्यामुळे काठावर असलेल्या शोरूमने नकाशा देण्याच्या दिवशीची अधिसूचना पाहूनच पुढे जावे. घरांसाठी २०१८ ची इको निवास संहिता आहे आणि ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी बांधकामाचा विचार करते. म्हणजे गावातल्या दोन-तीन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर बंगला बांधणाऱ्याला काचेच्या दारासाठी या संहितेची भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती बाळगायची तर ती मे महिन्यातल्या विजेच्या बिलाची, आणि ते बिल समजून घ्यायला संहितेचे गणित मात्र फार उपयोगी पडते.

आता मुख्य मुद्दा. ज्या दाराचा निम्म्याहून अधिक भाग काच आहे, ते ईसीबीसीच्या व्याख्येनुसार दार राहत नाही. ते खिडकीच्या वर्गात जाते. विक्रेता त्याला गॅरेज डोअर म्हणो वा आणखी काही, तपासणाऱ्याच्या तक्त्यात ते खिडकीच्या रकान्यात बसते आणि खिडकीच्या सगळ्या अटी त्याला लागतात. हे आकडे २०१७ च्या आवृत्तीतले आहेत: यू-मूल्य, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून जाणारी उष्णता, ३.० वॉट प्रति चौरस मीटर प्रति केल्विनपेक्षा अधिक नको. सूर्याची किती उष्णता आत येते हे सांगणारा गुणांक, म्हणजेच एसएचजीसी, उत्तरेखेरीज इतर दिशांना ०.२७ च्या आत हवा, तर आपल्या अक्षांशावर उत्तरेला तो ०.५० पर्यंत चालतो. काचेवर पडलेल्या उजेडाचा मात्र किमान ०.२७ इतका भाग आत आला पाहिजे, म्हणजे काळीकुट्ट काच लावूनही सुटका नाही. हवामानाचा पट्टा उष्ण-कोरडा धरा किंवा संमिश्र धरा, हे आकडे बदलत नाहीत. शिवाय सर्व काच मिळून बाह्य भिंतींच्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये, हे बंधन साध्या पद्धतीत आहे. शोरूमवाले नेमके इथे अडकतात, कारण दर्शनी काच आधीच भरपूर असते आणि उचलायचे दार हिशेबात धरायचे राहून गेलेले असते. संपूर्ण इमारतीचा ऊर्जावापर संगणकावर मांडून दाखवण्याचा दुसरा मार्ग खुला असतो. त्यासाठी सल्लागाराचे शुल्क आणि वेळ दोन्ही मोजावे लागतात.

घरांच्या संहितेत असे दारागणिक आकडे नाहीत. तिथे छत सोडून घराच्या बाहेरच्या सगळ्या पृष्ठभागांतून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी काढतात आणि ती प्रति चौरस मीटर १५ वॉटच्या आत ठेवतात. या सूत्रात अपारदर्शक भागाच्या यू-मूल्याला ६.०६ ने, काचेच्या यू-मूल्याला १.८५ ने आणि काचेच्या एसएचजीसीला ६८.९९ ने गुणतात, आणि मग दिशेचा गुणक लावतात. आपल्या अक्षांशासाठी हा गुणक पश्चिमेला १.१५६ आणि उत्तरेला ०.६५९ आहे. बाजारात मिळणाऱ्या दारांची चौकटीसह ढोबळ मूल्ये धरून मी हे सूत्र प्रत्येक पर्यायाला लावले. शेवटच्या दोन रकान्यांत दाराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे येणारा भार वॉटमध्ये आहे. लो-ई लेप म्हणजे काचेवरचा उष्णता परतवणारा अतिपातळ थर.

| दाराचा प्रकार | यू-मूल्य | एसएचजीसी | पश्चिम | उत्तर |
|---|---|---|---|---|
| एकेरी पत्र्याचे रोलिंग शटर | ६.० | लागू नाही | ४२ | २४ |
| ४० मिमी पीयू पॅनेल | १.२ | लागू नाही | ८ | ५ |
| ६ मिमी साधी एकेरी काच | ५.७ | ०.८२ | ७८ | ४४ |
| साधी दुहेरी काच | ३.३ | ०.७० | ६३ | ३६ |
| १६ मिमी दुधी पॉलिकार्बोनेट | ३.० | ०.५५ | ५० | २९ |
| लो-ई लेप असलेली दुहेरी काच | २.८ | ०.२७ | २८ | १६ |

या तक्त्यातली पहिली ओळ मला सर्वांत बोलकी वाटते. काच म्हणजे उष्णता आणि पत्रा म्हणजे बचाव, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात लेपाच्या चांगल्या दुहेरी काचेपेक्षा उघडे लोखंडी शटर दीडपट उष्णता आत सोडते. ज्याने मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडच्या बंद शटरच्या पट्टीवर आतून हात ठेवून पाहिला आहे, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही. हात तिथे चार सेकंदही टिकत नाही, आणि सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ खोली आतून धगधगत राहते.

दुसरी लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे साध्या दुहेरी काचेचा दुबळेपणा. ‘डबल ग्लेझ्ड’ हा शब्द ऐकला की गिऱ्हाईक निश्चिंत होते, पण दोन्ही काचा साध्या असतील तर पश्चिमेचा भार ७८ वरून जेमतेम ६३ वर येतो. थंड प्रदेशात मधली हवेची पोकळी घरातली ऊब राखते आणि म्हणून तिथे यू-मूल्यालाच मान आहे. आपल्याकडे उष्णता मुख्यतः उन्हाच्या किरणांबरोबर काचेतून थेट आत शिरते आणि तिला पोकळी अडवत नाही, लेप अडवतो. म्हणून तापीखोऱ्यात दाराची काच निवडताना आधी एसएचजीसी विचारावा आणि नंतर यू-मूल्य. परदेशी बनावटीच्या दारांची माहितीपत्रके नेमके उलटे करतात. त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘आर-१८’ असे काहीतरी असते (आर-मूल्य म्हणजे यू-मूल्याचा व्यस्त, जितके मोठे तितका रोध अधिक), आणि हा आकडा बहुधा पॅनेलच्या मध्यभागाचा असतो. सांधे, कडा आणि चौकट त्यात धरलेली नसते. अमेरिकेच्या २०१८ च्या आदर्श ऊर्जा संहितेत व्यावसायिक इमारतींच्या, १४ टक्क्यांपेक्षा कमी काच असलेल्या गॅरेज-दारांना त्यांच्या एककात ०.३१ ही यू-मूल्याची कमाल मर्यादा आहे, जी आपल्या एककात साधारण १.७६ होते. आर-१८ चा अर्थ शब्दशः घेतला तर आपल्या एककात यू-मूल्य ०.३२ निघते. इतके अंतर एकाच उत्पादनाच्या दोन वर्णनांत पडू शकते. आपली ईसीबीसीही चौकटीसह पूर्ण दाराचे यू-मूल्य मागते, म्हणून ‘काचेच्या मध्याचे १.८’ असे लिहिलेला कागद पुरेसा नाही. उष्णतारोधक पट्टी नसलेली ॲल्युमिनियमची चौकट हाच आकडा तीनच्या आसपास नेऊन ठेवते.

पीयू पॅनेलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गणितात ते निर्विवाद पुढे आहे, वजनाला हलके आहे, आणि त्यात एखादी काचेची आडवी पट्टी बसवली तरी काच निम्म्याच्या खूप खाली राहते, त्यामुळे ते दार म्हणूनच गणले जाते. त्याचा एकच दोष आहे: ते काच नाही. ज्याला दर्शनी बाजूतून बागेतला कडुनिंब दिसायला हवा आहे, त्याला हा युक्तिवाद सांगून काही उपयोग होत नाही. दुधी पॉलिकार्बोनेट हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो. ते हलके आणि स्वस्त पडते, पण माझ्या मते राहत्या खोलीला ते लावू नये. आरपार दिसत नाही, उन्हाने काही वर्षांत पिवळे पडते, आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या मुरमाड धुळीने त्यावर ओरखडे उठतात. कार्यशाळेला मात्र ते चांगले शोभते.

धुळीचा विषय निघालाच आहे तर हवेच्या गळतीचेही सांगायला हवे. ईसीबीसी बिजागरीवर उघडणाऱ्या काचेच्या प्रवेशदारांना प्रति चौरस मीटर सेकंदाला ५ लिटर गळती चालवून घेते, पण उचलायच्या दारांसारख्या बाकीच्या दारांना फक्त २ लिटर. रोलिंग शटरच्या पट्ट्यांमधून आणि वरच्या गुंडाळीच्या पेटीतून जी हवा येते, तिच्यासमोर ही अट टिकण्याची शक्यता जवळजवळ नाही. सेक्शनल दाराला तळाशी रबरी नळी, बाजूंना झालर आणि पॅनेलांच्या सांध्यांत पट्टी असते, त्यामुळे काचेचे असो वा पीयूचे, ते इथे शटरपेक्षा कितीतरी सरस ठरते. मेअखेरीस केळीच्या बागा आडव्या करणारे वादळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी हा मुद्दा दुय्यम समजू नये. वारा आणि वजन या दोन्हींचा हिशेब फॅब्रिकेटरकडून लेखी घ्यावा. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला प्रति चौरस मीटर अडीच किलो असते. ४.८ बाय २.१ मीटरच्या दोन गाड्यांच्या दाराला ५ आणि ५ मिलिमीटरची दुहेरी काच लावली तर नुसती काचच सुमारे अडीचशे किलो भरते. तेवढ्याच मापाचे पीयू दार याच्या निम्म्यातच बसते. मोटर कितीही मोठी घेतली तरी खरे वजन वरच्या स्प्रिंगा उचलतात, आणि त्या नेमक्या वजनाच्या नसल्या तर वीज गेल्यावर हाताने दार उघडणे दोन माणसांनाही जमत नाही.

दिशा तर सगळ्यांवर मात करते. तेच लेपाचे दार पश्चिमेऐवजी उत्तरेला आणले की भार २८ वरून १६ वर येतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही; लागतो तो नकाशावरचा खोडरबर. प्लॉटचा रस्ताच पश्चिमेला असला तर लोक पोर्चचा आधार घेतात. पोर्च जरूर काढावा, पण त्याच्याकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये. मेअखेरीस जळगावात दुपारी चारला सूर्य सुमारे ४० अंशांवर असतो, त्या वेळी २.१ मीटर खोल पोर्च २.१ मीटर उंचीच्या दारावर पावणेदोन मीटरपर्यंत सावली टाकतो. साडेपाचला सूर्य २० अंशांच्या खाली येतो आणि तीच सावली पाऊण मीटरवर येऊन थांबते. उरलेल्या काचेवर तिरपे ऊन थेट पडते, आणि बैठकीत माणसे जमण्याची वेळही हीच असते. तिथे पोर्चच्या कडेला बांबूची किंवा खसाची चटई सोडणे हा जुना उपाय अजूनही अधिक कामाचा आहे.

निवड करताना मी विचारणाऱ्याला आधी एवढेच विचारतो की खोलीत एसी लागणार आहे का. लागणार नसेल आणि तिथे फक्त गाडी उभी राहणार असेल, तर दारावर पैसा घालण्यापेक्षा गाडीच्या खोलीची आणि घराची जी सामाईक भिंत आहे तिला उष्णतारोधक थर द्यावा आणि मधले आतले दार घट्ट बसणारे घ्यावे. मग बाहेर शटर असले तरी घराचे फारसे बिघडत नाही. खोली बैठकीची होणार असेल, दार पश्चिमेला असेल आणि भूखंड ५०० चौरस मीटरच्या पुढचा असेल, तर आकडे समोर ठेवावेत: घराचा बाहेरचा पृष्ठभाग २०० चौरस मीटर धरला तर १० चौरस मीटरचे साध्या काचेचे दार एकटेच सरासरीत जवळजवळ ४ वॉटची भर घालते, म्हणजे १५ पैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक. लो-ई काच १.४ घालते आणि पीयू अर्ध्या वॉटपेक्षाही कमी. अशा ठिकाणी मी काचेचा हट्ट असेल तर लो-ई, नसेल तर पीयू सुचवतो. साध्या दुहेरी काचेला यात कुठेच जागा नाही. शोरूमच्या बाबतीत पर्याय फारसा उरत नाही, ०.२७ ची अट साधी काच पाळूच शकत नाही, म्हणून लेपाची काच, उष्णतारोधक पट्टीची चौकट आणि पूर्ण दाराचे चाचणीपत्र एवढे घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

काच आल्यावर दोन गोष्टी तपासायच्या राहतात. पहिली, कोपऱ्यातला टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेचा आयएस २५५३ या भारतीय मानकाचा शिक्का. टफन झाल्यावर काच कापता येत नाही, त्यामुळे माप चुकले तर ती परतच जाते. दुसरी गोष्ट मी एका कामावर ठेच लागल्यावर शिकलो. फॅब्रिकेटरने काच योग्य प्रतीची आणली होती, कागदही बरोबर होते, पण मिस्त्रीने पॅनेल उलटे बसवले आणि बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूस हवा असलेला लेप आतल्या काचेवर गेला. यू-मूल्य तेच राहिले, उन्हाचा ताप मात्र वाढला, आणि घरमालकाला दोन महिने काचेतच खोट वाटत होती. तेव्हापासून काच चढवण्याआधी मी काडी पेटवून तिच्यासमोर धरतो. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात, त्यांतले एक वेगळ्या रंगाचे असते आणि लेप त्या पृष्ठभागावर असतो. बाहेर उभे राहून पाहिले असता ते दुसरे प्रतिबिंब असले पाहिजे.