याचिका दाखल होणे म्हणजे स्थगिती मिळणे नव्हे

जुळे सोलापुरातील एका अर्धवट गृहप्रकल्पाची महारेराकडील (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडील) नोंदणी रद्द झाल्यानंतर बिल्डरने आम्हा सदनिकाधारकांकडून पुन्हा पैसे कसे काढले, हे तपशिलाने लिहीत आहे, कारण त्याची युक्ती कोणत्याही गावात चालण्यासारखी आहे.

नोंदणी रद्द झाल्याचे आम्हाला बिल्डरने कळवलेच नाही. आमच्यापैकी एकाच्या गृहकर्जाची पुढची रक्कम बँकेने अडवली, तेव्हा ते उघड झाले. त्याच सुमारास बिल्डरने सर्वांना साइटवरील कार्यालयात बोलावले. "गुरुजी, काळजी करू नका, हायकोर्टातून स्टे मिळालाय," असे म्हणत त्याने एक कागद हातोहात फिरवला. ते एका रिट याचिकेचे, म्हणजे थेट उच्च न्यायालयाकडे करायच्या अर्जाचे, पहिले पान होते. खाली वकिलाचा शिक्का आणि वरच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलेला स्टॅम्प नंबर. स्थगिती असल्याने काम सुरू ठेवता येते, परंतु प्रकल्पाचे खाते गोठवलेले असल्यामुळे हप्ता तूर्त दुसऱ्या एका फर्मच्या खात्यात भरावा, असे त्याने सांगितले. निवृत्तीच्या पैशातून मी तीन लाख रुपये भरले, आणि इतरांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे भरले. याच बैठकीत ५०० रुपयांच्या मुद्रांकावर टंकलेल्या संमतिपत्रांवर अनेकांच्या सह्या घेतल्या गेल्या. त्यात तिसऱ्या परिच्छेदात, एका लांबलचक वाक्याच्या पोटात, "उर्वरित काम स्वतः अथवा अन्य विकासकामार्फत करून घेण्याचा आमचा कोणताही आग्रह राहणार नाही" असे शब्द होते. माझ्या मते पैशांपेक्षाही मोठी फसवणूक ती होती.

त्याचे कारण कायद्यात आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ७ नुसार नोंदणी रद्द करण्यापूर्वी प्राधिकरणाला कारणे नमूद करून किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रद्द झाल्यावर बिल्डरचे नाव छायाचित्रासह कसूरदारांच्या यादीत जाते आणि प्रकल्पाचे बँक खाते गोठवण्याचे निर्देश दिले जातात. पुढे कलम ८ प्रमाणे उरलेले बांधकाम कोणी करायचे हे ठरते, आणि ते करण्याचा पहिला हक्क सदनिकाधारकांच्या संघाला असतो. आमच्याकडून काढून घेतला जात होता तो नेमका हाच हक्क.

नोंदणी रद्द करण्याच्या आदेशाला आव्हान देण्याचा बिल्डरला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. नोटीस मिळाली नाही, म्हणणे ऐकून घेतले नाही, हे मुद्दे खरे असतील तर ते वजनदार आहेत. त्यासाठी नेमलेला मार्ग म्हणजे ६० दिवसांच्या आत अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील, आणि त्याच्या निकालाविरुद्ध कलम ५८ खाली उच्च न्यायालय. हा मार्ग सोडून थेट रिट केली, तर पर्यायी उपाय उपलब्ध असल्याचे सांगून न्यायालय सहसा परत पाठवते. आमच्या बिल्डरने रिटचाच रस्ता धरला होता. सोलापूर जिल्हा आता उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे असल्याने कागदावर कोल्हापूरचे नाव होते, आणि त्या नावाचा बैठकीत फार प्रभाव पडला.

आमच्यातील एका गृहस्थांची पुतणी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. तिने तो स्टॅम्प नंबर उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकला, तेव्हा न्यायालयाच्या कार्यालयाने कागदपत्रांतील त्रुटींवर घेतलेल्या हरकतीच दूर झालेल्या नाहीत, याचिकेला नियमित क्रमांक मिळालेला नाही आणि ती एकाही न्यायमूर्तींसमोर आलेली नाही, हे दिसले. स्टॅम्प नंबरावरून कागद कार्यालयात पोचला एवढेच कळते. स्थगिती हा न्यायालयाचा स्वतंत्र आदेश असतो; त्यावर तारीख असते, न्यायमूर्तींची नावे असतात, आणि तो कोणालाही डाउनलोड करून वाचता येतो. तो आदेश हातात येईपर्यंत कोणी कितीही छातीठोकपणे सांगितले तरी नोंदणी रद्दच धरावी.

याच बिल्डरने एका सदनिकाधारकाला पैसे परत करण्याच्या आदेशाविरुद्धही "अपील टाकलंय" असे सांगून त्याची वसुली लांबवली होती. कलम ४३(५) प्रमाणे अशा अपिलाची सुनावणी होण्यापूर्वी बिल्डरला व्याजासह पूर्ण रक्कम न्यायाधिकरणात जमा करावी लागते, आणि ही अट सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये वैध ठरवली आहे. त्यामुळे अपिलाची गोष्ट कोणी सांगितली, की पहिल्यांदा रक्कम जमा केल्याची पावती मागावी. आम्ही मागितली, तेव्हा बिल्डरचा फोन लागेनासा झाला.

खात्याबद्दलही सांगायलाच हवे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के बांधकाम आणि जमिनीच्या खर्चासाठी प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक आहे. करारात लिहिलेले खाते सोडून अन्य फर्मच्या, नातेवाइकाच्या किंवा ठेकेदाराच्या नावे पैसे मागितले गेले, तर त्या पैशांवर या तरतुदीचे संरक्षण उरत नाही. ज्यांनी भरले असतील त्यांनी बँकेचे विवरण, व्हॉट्सॲपवरील मागणीचे संदेश आणि मिळालेल्या पावत्या एकत्र ठेवाव्यात. पोलिसांकडे तक्रार देताना आमची हीच कागदपत्रे पहिल्यांदा मागितली गेली.

संमतिपत्रांवर सह्या केलेल्या सर्वांनी, चुकीची माहिती देऊन सही घेतल्याचे नमूद करून, ती संमती मागे घेत असल्याचे संयुक्त पत्र महारेराला पाठवले असून त्याची पोच आली आहे. कलम ८ खालील हक्क आम्हाला बजावायचा आहे, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. बिल्डरची याचिका सुनावणीस आलीच, तर आमचे म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश होऊ नये म्हणून कोल्हापूरला कॅव्हेट दाखल करण्याचे काम त्या पुतणीकडेच सोपवले आहे.