आजोबांचा जुना फोटो मोठा करताना : बेळगावातल्या स्टुडिओंचं काम कसं आहे

वर्षश्राद्ध जवळ आलं की निपाणी, चिकोडी, खानापूरकडची मंडळी आजोबांचा पिवळा पडलेला फोटो घेऊन बेळगावातल्या स्टुडिओत येतात. प्रिंट आणि फ्रेम बहुतेक ठिकाणी चांगली मिळते. बिघडतो तो चेहरा.

हल्ली बरेच जण एका बटणात फोटो साफ करणारं अ‍ॅप वापरतात. मूळ फोटोत डोळे-मिशा पुसट असल्या की ते अ‍ॅप मनानेच नवे भरतं. कपाळावरच्या आठ्या जातात, आत गेलेले गाल भरतात, पटक्याच्या घड्या पिंजलेल्या कापसासारख्या होतात आणि भिंतीवर कुणी परकाच म्हातारा येऊन बसतो. डाग, चिरा आणि घडीची रेघ एवढंच हाताने काढा, चेहऱ्याला हात लावू नका, असं आधीच बजावावं. हाताने काम करणारा चार दिवस जास्त मागेल, ते द्यावेत. रंग चढवून घ्यायचाच असेल, तर पटका कोणत्या रंगाचा होता हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच सांगावं.

स्कॅन कसं करतात, ते समोर उभं राहून बघावं. मोबाईलने फोटोचा फोटो काढणाऱ्याकडे काम देऊ नये. पासपोर्ट आकाराचा (३५ × ४५ मिमी) फोटो १२०० डीपीआयवर (दर इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केला, की साधारण १६५० × २१२५ पिक्सेल मिळतात. त्यातून ८ × १० इंची प्रिंट नीट येते. १२ × १८ ला ३०० डीपीआयने ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. तेवढा तपशील त्या इवल्या फोटोत नसतोच. मोठ्याचा हट्ट धरला की चेहरा धुरकट होतो.

खानापूरकडच्या पावसाळी ओलीने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतो. तो ओढून काढू नये, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकट द्यावा. पातळ, स्वस्त स्कॅनरवर काचेच्या जाडीमुळे तो धूसर येतो. स्टँडवर कॅमेरा आणि दोन्ही बाजूंनी तिरका उजेड ठेवून टिपणारा स्टुडिओ अशा वेळी उजवा.

नव्या फ्रेममध्ये काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंट बोर्ड (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर पुन्हा तेच. मागच्या कडा टेपने बंद करून घ्याव्यात. पश्चिमेच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर फ्रेम टांगू नये.

नावाच्या पट्टीत हमखास चुका होतात. जुन्या फॉन्टमधून मजकूर नेला की ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ फुटतात. कानडी ओळही हवी असेल तर ती स्वच्छ लिहून न्यावी. तारीख दाखल्याशी ताडून बघावी, पुण्यतिथी तिथीने पाळत असाल तर तिथीही लिहावी. कागदावर छापलेलं प्रूफ वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

काम झालं की टिफ फाइल (तपशील न गाळता साठवलेली प्रत) पेनड्राइव्हवर मागून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आक्रसलेली असते, ती पुढच्या प्रिंटला पुरत नाही. मूळ फोटो लॅमिनेट करून देतो म्हणाले तर नको म्हणावं. त्या उष्णतेने आणि गोंदाने तो कायमचा अडकतो. कागदी पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवावा.