गोळ्या की ऑपरेशन? प्रश्न आठवणींचाही आहे

अपस्माराची दोन औषधं पुरेशा मात्रेत, न चुकता घेऊनही फिट येत असतील, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीने त्या थांबण्याची आशा थोडीच उरते. त्यात एमआरआयमध्ये 'मेझियल टेम्पोरल स्क्लेरोसिस' दिसलं की डॉक्टर ऑपरेशनचा विषय काढतात. या नावाचा अर्थ, कानशिलाच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग आक्रसलाय, त्यातल्या पेशी मेल्यात. नव्या आठवणी रुजतात त्या याच भागाच्या जोरावर. म्हणून तर फोनवर काय ठरलं ते संध्याकाळपर्यंत आठवत नाही.

घरचे म्हणतात, 'डोक्याला हात लावायचा नाही, आहे तीही स्मरणशक्ती जाईल.' ही भीती अगदीच उगाच नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन यांच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला. फिट कमी झाल्या, पण घडलेली गोष्ट थोड्याच वेळात पुसली जायची, ती मरेपर्यंत. आता एकाच बाजूवर ऑपरेशन करतात, तेही दुसरी बाजू काम करते ना, हे पाहून.

गोळ्यांची जमेची बाजू उघड आहे: कवटी उघडावी लागत नाही, आणि मात्रा बदलता येते. पण 'आहे तसं चालू राहील' ही समजूत मला धोक्याची वाटते. फिट येत राहिल्या तर काहींची स्मरणशक्ती वर्षागणिक घसरते. गोळ्यांचाही त्रास असतो: टोपिरामेटने शब्द जिभेवर येऊन अडतात, फिनोबार्बिटोनने डोकं जड होतं. शिवाय फिटमुळे भाजणं, पडणं, पाण्यात बुडणं, क्वचित झोपेतच मृत्यू.

ऑपरेशनचे आकडे बोलके आहेत. कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००१) वर्षाअखेर भान हरपणाऱ्या फिटपासून मोकळे होते ऑपरेशनच्या गटातले ५८ टक्के आणि नुसत्या गोळ्यांवरचे ८ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर झालेल्या चाचणीतही (२०१७) तफावत अशीच मोठी होती: ७७ विरुद्ध ७ टक्के. मुलांमधली ऑपरेशनं मात्र वेगवेगळ्या प्रकारची होती.

आठवणींचा हिशेब मात्र उलटा लागतो. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तिथलं ऑपरेशन झालं की नावं, शब्द, ऐकलेला मजकूर लक्षात ठेवणं बिघडू शकतं. उजवीकडे हा धोका कमी. आणि गंमत अशी, की डावा हिप्पोकॅम्पस जितका धडधाकट आणि आजची स्मरणशक्ती जितकी चांगली, तितकं गमावण्यासारखं जास्त. जो आधीच सुकलाय, तो काढून फारसं जात नाही. म्हणजे एमआरआयचा वाईट रिपोर्ट इथे जरा दिलासाच देतो.

त्यामुळे स्मरणशक्तीची सविस्तर मानसशास्त्रीय चाचणी झाल्याशिवाय होकारही देऊ नका, नकारही. पोटापाण्याचं कामही डॉक्टरांना सांगा. शिक्षिकेला चार नावं विसरणं जेवढं जड जाईल, तेवढं सुताराला जाणार नाही. आणि ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी गोळ्या सुटतात असं मात्र नाही. बहुधा निदान वर्षभर तरी त्या चालूच ठेवतात.