सिक कॉलचं नवं अ‍ॅप आणि त्यामागचं धोरण: पुणे बेस, पाचपैकी दोन तारे

केबिन क्रूनं आजारी असल्याचं कळवणं म्हणजे सिक कॉल, आणि तो आता एअरलाइनच्या अ‍ॅपवरून करायचा. दोन्ही तारे अ‍ॅपला आहेत, धोरणाला शून्य. एअरलाइनचं नाव देत नाही. ज्यांच्या मोबाइलमध्ये हे अ‍ॅप आहे त्यांना सांगायला नको.

आधी चांगलं. पहाटे क्रू शेड्युलिंगचा फोन लागेपर्यंत ताटकळणं संपलं. ‘अनफिट’ दाबलं की रोस्टरवरची (ड्यूटीच्या वेळापत्रकातली) ड्यूटी आपोआप समोर येते, कारण निवडायचं, आणि वेळेसकट पोचपावती मिळते. तिचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, कारण दोन दिवसांनी ती यादीतून जाते. पिक-अपची गाडी मात्र वेगळ्या सिस्टीमवर आहे. ट्रान्सपोर्ट डेस्कला स्वतंत्रपणे कळवलं नाही, तर गाडी विमाननगरच्या नाहीतर धानोरीच्या गेटवर येऊन थांबते आणि ड्रायव्हर ‘नो-शो’ टाकून निघून जातो. ती नोंद खोडायला सिक कॉलपेक्षा जास्त खटपट लागते. ड्यूटीवर हजर व्हायच्या (रिपोर्टिंगच्या) वेळेला सहा तासांहून कमी उरले असताना कळवलं तर ‘लेट सिक’चा वेगळा शेरा बसतो. खाण्यातून झालेली विषबाधा सहा तास आधी वर्दी देत नाही, पण ‘अचानक’ असा पर्यायच कारणांच्या यादीत ठेवलेला नाही.

खरी कुरबुर स्कोअरची आहे. अ‍ॅपमध्ये जो लाल-पिवळा आकडा दिसतो तो ब्रॅडफर्ड फॅक्टर. गेल्या 52 आठवड्यांत किती वेळा आजारी पडलात त्या संख्येचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. पाय मोडून 45 दिवस घरी बसलात तर एक गुणिले एक गुणिले 45, म्हणजे 45. सर्दीनं वर्षभरात पाचदा दोन-दोन दिवस गेले तर पाच गुणिले पाच गुणिले 10, म्हणजे 250. दिवस पाव हिश्शापेक्षाही कमी, स्कोअर साडेपाच पट. हे सूत्र ऑफिसातल्या सोमवारच्या दांड्या पकडायला ठीक असेल. टेबलावर बसणारा माणूस नाक चोंदलेलं असताना काम करू शकतो. केबिन क्रू करू शकत नाही, आणि करूही नये.

कारण कानात आहे. विमान कितीही उंच गेलं तरी केबिनमधला दाब साधारण 6,000 ते 8,000 फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. चढताना मधल्या कानातली हवा फुगून बाहेर पडते, त्याचा फारसा त्रास होत नाही. उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडून हवा आत यावी लागते. सर्दीत ती सुजून मिटलेली असते. मग पडदा आत ओढला जातो, कान ठणकतो, आत पाणी किंवा रक्त साचतं, कधी पडदा फाटतो. सायनसचंही तसंच. प्रवाशाला हे दिवसातून एकदा सोसावं लागतं, चार सेक्टरच्या (म्हणजे चार उड्डाणांच्या) ड्यूटीत क्रूला चारदा. नाकात सोडायच्या थेंबांवर विसंबून जाणाऱ्यांचा घोळ असा होतो की चढताना सगळं मोकळं वाटतं आणि परतीच्या सेक्टरला, नेमकं उतरताना, असर संपलेला असतो. झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या घेऊन आपत्कालीन दरवाज्याजवळ बसणं योग्य नाही. अल्कोहोल असलेलं कफ सिरप, माउथवॉश किंवा होमिओपॅथीचे थेंब बीए टेस्टच्या (श्वासातली दारू तपासणाऱ्या) मशीनसमोर महागात पडतात. म्हणजे दोन दिवस अनफिट राहणं हाच बरोबर निर्णय, आणि स्कोअर नेमका त्याच निर्णयाला सर्वांत जास्त दंड करतो. परिणाम उघड आहे: काही जण चोंदलेल्या कानांनी उडतात, काही जण दोन दिवसांची सर्दी सहा दिवस ओढतात, कारण दिवस वाढल्यानं स्कोअर फार चढत नाही, प्रसंग वाढल्यानं चढतो. दोन्हींत नुकसान कंपनीचंच.

प्रसंग मोजण्यातही गफलत आहे. मंगळवारी अनफिट, बुधवार-गुरुवार वीकली ऑफ, शुक्रवारी ताप पुन्हा चढला, तर अ‍ॅप मंगळवारी रात्री पहिला प्रसंग स्वतःच बंद करतं आणि शुक्रवारचा दुसरा धरतं. दोन दिवसांच्या आजाराचे दोनाऐवजी आठ गुण होतात. उपाय असा की पहिल्याच वेळी शेवटची तारीख रिकामी सोडा आणि शुक्रवारी ‘नवीन’ न दाबता ‘तोच आजार, पुढे चालू’ निवडा. हा पर्याय तीन ठिपक्यांच्या मेनूत दडलेला आहे.

सर्टिफिकेट 24 तासांत अपलोड करायचं, अगदी एका दिवसासाठीसुद्धा, आणि व्हिडिओ कन्सल्टेशनचं चालत नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या सात दिवसांसाठी कर्मचाऱ्याचं स्वतःचं निवेदन पुरतं. इथं पुण्यात फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने दुपारी बंद आणि रविवारी बहुतेक बंदच. शनिवारी रात्री ताप आला तर मोठ्या हॉस्पिटलचं कॅज्युअल्टी गाठायचं आणि साध्या व्हायरलसाठी तिथली फी भरायची, असा याचा अर्थ होतो. जाल तेव्हा कागद नीट तपासून घ्या. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तपासल्याची तारीख, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, आणि तुमची सही व ओळखीची खूण. हे शेवटचं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेतच सांगितलं आहे, तरी निम्म्या छापील फॉर्मवर त्याला जागा नसते. ‘विश्रांती घ्यावी’ एवढंच लिहिलेलं परत येतं. ‘फ्लाइंग ड्यूटीसाठी अनफिट’ असं स्पष्ट लिहून मागा. औषधांच्या चिठ्ठीचा फोटो सर्टिफिकेट म्हणून धरत नाहीत. निदान मात्र अ‍ॅपमधून बेस मॅनेजरलाही दिसतं, आणि ते मुळीच पटण्यासारखं नाही. ते मेडिकल विभागापुरतंच राहिलं पाहिजे.

स्कोअर पिवळा झाला की ‘परत रुजू’ची मीटिंग होते. ती बहुतेक वेळा ऑफच्या दिवशी लावतात. तारीख लेखी बदलून मागता येते, तसं मागा. मीटिंगच्या नोंदीवर ई-सही करण्यापूर्वी खालच्या चौकटीत आपलं म्हणणं टाइप करा. सही झाली की ती चौकट बंद होते. ‘पुढच्या तीन महिन्यांत आजारी पडणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य मसुद्यात असेल तर ते काढायला लावा. अशी हमी खुद्द डॉक्टरही देणार नाही.

कंपनीची अडचण खोटी नाही. नियमाप्रमाणे दर 50 सीटमागे एक केबिन क्रू लागतो, म्हणून 186 सीटच्या ए320 ला चौघं हवीत. एक जण गळाला आणि स्टँडबायवरचे राखीव क्रू संपलेले असले की प्रवासी भरलेलं विमान लोहगावला उभं राहतं. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या क्रूनं एकदम सिक कळवल्यावर विमानं रद्द झाली, 25 जणांना काढलं आणि मुख्य कामगार आयुक्तांकडच्या बैठकीनंतर परत घेतलं. तेव्हापासून प्रत्येक सिक कॉलमध्ये संप दिसू लागला आहे. पण सामूहिक रजा पकडायची तर एकाच दिवशी किती कॉल आले ते बघा. त्यासाठी एकेकट्याच्या वर्षभराच्या सर्दीचा वर्ग कशाला? शिवाय न उडलेल्या तासांचा फ्लाइंग अलाउन्स बुडतोच, तेव्हा मजेखातर सिक कळवणारे फार नसतात.

तिसरा तारा हवा असेल तर कान-नाक-घसा आणि पोटाचे आजार स्कोअरबाहेर काढा, वर्षाला किमान तीन प्रसंग विनासर्टिफिकेट मान्य करा. गरोदरपणातली अनफिट मुदत आजही हाताने वगळावी लागते, तीही आपोआप वगळली जावी.

तोवर दर महिन्याच्या एक तारखेला अ‍ॅप उघडून स्कोअर ताळून बघा. 52 आठवड्यांहून जुने प्रसंग आपोआप गळत नाहीत. ‘पुन्हा मोजा’ दाबावं लागतं, आणि मीटिंग लावताना बेस ऑफिस ते दाबून बघत नाही.